दोन म्हणजे ठीक

रविवार, ९ फेब्रुवारी

ताप एकशे दोन पॉइंट सहा! आणि ब्रिजेट उशी काखेत मारून पळाली.

"हेल्मी, राग नाही ना आला तुला?" हे दारातून, स्वेटरची बाही नाकावर दाबून. राग कसला? उद्या तिची जीवशास्त्राची परीक्षा आहे. खाली दुसऱ्या मजल्यावर कुणाच्या तरी खोलीत जमिनीवर झोपणार म्हणे. दीड वर्ष एका खोलीत काढलं, एकमेकींचे मोजे घातले, आणि दोन शिंकांत बाईसाहेब गुल!

दवाखान्यातल्या बाईंनी नाकात काडी घालून मेंदूपर्यंत ढवळलं. पंधरा मिनिटांत निकाल — फ्लू. "पाच दिवस खोलीत. बाथरूमला जाताना मास्क. पाणी पीत राहा." आमच्या मजल्यावरचे अकरा जण आडवे झालेत. मी बारावी.

फोनकडे बघितलं की डोळ्यांत सुया टोचतात, म्हणून ही वही काढली. रसायनशास्त्राच्या प्रयोगांची आहे. दोन पानं प्रयोग झाले, पुढची मी घेतली.

ऑरिनने नवीन नियम काढलाय. ऑरिन म्हणजे आमच्या मजल्याचा मॉनिटर. तिसऱ्या वर्षाला आहे, हातात कायम यादी आणि कानावर पेन्सिल. रोज सकाळी दहाला आणि संध्याकाळी सहाला तो आजाऱ्यांची दारं ठोकत जाणार. आपण दार उघडायचं नाही. बोलायचंही नाही, कारण कुणाच्या घशात आवाज उरलेला नाही. आतून फक्त टकटक करायची. दोन म्हणजे ठीक. तीन म्हणजे मदत पाहिजे.

"तुरुंगात असंच करतात का रे?" मी दाराआडून घोगरले.

"तुरुंगात जेली मिळत नाही," म्हणाला आणि यादीत खूण करून पुढे गेला.

सोमवार, १० फेब्रुवारी

जेली मिळाली खरी. माझं कार्ड ब्रिजेटकडे आहे. ते मेसमध्ये दाखवलं की आजाऱ्याची पिशवी भरून मिळते — कोंबडीचं पातळ सूप, खारी बिस्किटं, लाल जेली, आल्याचा सोडा. ब्रिजेट पिशवी दाराशी ठेवते, "जेवण!" ओरडते आणि जिना उतरते. कार्ड नाही तर पिशवी नाही. एका कार्डावर एकच. मेसवाल्या बाईंपुढे देवाचंही काही चालायचं नाही.

सूप अर्धं प्यायले. जेली नुसती बघितली.

भिंतीपलीकडे कुणीतरी माझ्यापेक्षा वाईट खोकतंय. माझा पलंग ३१४ च्या भिंतीला लागून आहे, उशीशीच ऐकू येतं. कोरडा, लांबलचक खोकला, आणि शेवटी शिट्टीसारखा आवाज. लिहायला लाज वाटते, पण ऐकून बरं वाटलं. एकटीच मरत नाहीये तर मी! मी खोकले की तिकडून खोकला. तिकडून आला की मला ढास. तासभर जुगलबंदी चालली.

दुपारी गंमत म्हणून भिंतीवर दोन दिले. टक टक. ठीक.

बराच वेळ काही नाही. मग उशीच्या पातळीला, हळूच — टक टक.

इतकं छान वाटलं की रडूच आलं. तापात माणूस कशालाही रडतं.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

एकशे तीन. छतावरचे ठिपके चालतायत. एक सारखा खिडकीकडे जाऊन परत येतो.

भिंतीवर सकाळी दोन, दुपारी दोन. दोन्ही वेळा उत्तर आलं. आता याला ओळखच म्हणायची.

सहाला ऑरिन आला तेव्हा विचारलं, "३१४ मध्ये कोण पडलंय रे?"

"कुणी नाही."

"अरे, खोकतंय सारखं!"

"३१४ रिकामी आहे, हेल्मी. जोएल गेली ना जानेवारीत. हे बघ, यादीतच नाहीये." यादी दाखवली असेल त्याने, पण मी दाराच्या आत होते.

जोएल तिबो. खरंच की. मार्क फार घसरले म्हणून तिला कॉलेजने एक सत्र घरी बसायला सांगितलं होतं. मोहरीच्या रंगाची लोकरी टोपी घालणारी, कुणाच्या अध्यात ना मध्यात. निघाली त्या दिवशी तिच्या दोन्ही हातांत बॅगा होत्या, मी जिन्याचं दार धरलं होतं. "थँक्स," म्हणाली. कुठे चाललीस, कशी चाललीस, कोण न्यायला आलंय — काही विचारलं नाही मी. चहा निवत होता माझा.

"मग भिंतीवर कोण ठोकतंय?"

"खोल्या तापवायचे वाफेचे पाइप गं. शंभर वर्षांची इमारत आहे, पाइप ठोकणारच."

"पाइप खोकतात?"

"खोकतेस तू. भिंत परत पाठवते. झोप आता."

तो गेल्यावर भिंतीवर दोन दिले.

उत्तर आलं. तीन.

बुधवार, १२ फेब्रुवारी

सकाळी पुन्हा तीन. सावकाश, एकेक करून, जड हाताने. मग खोकला, मग बराच वेळ काही नाही.

दहाला ऑरिनने दार ठोकलं तेव्हा मी आतून तीन दिले. मुद्दाम. बिचारा मास्क सावरत घुसलाच आत! "काय झालं? श्वास लागतोय? रुग्णवाहिका बोलावू?"

"मला नाही. तिला." भिंतीकडे बोट.

त्याचा चेहरा असा पडला! पण गेला. मी पांघरूण गुंडाळून माझ्या दारात उभी. त्याने ३१४ चं दार ठोकलं. "आत कुणी आहे का?" पुन्हा ठोकलं. मूठ फिरवून बघितली, कुलूप. दाराला कान लावला, खाली वाकून फटीतून पाहिलं. उजेड नाही, आवाज नाही. एक खोकलासुद्धा नाही. त्या क्षणी मला वाटलं, ऑरिन बरोबर आहे.

त्याच्याकडे खोल्यांच्या चाव्या नसतात, म्हणून त्याने तिथूनच हॉस्टेलच्या ऑफिसात फोन लावला. खोली रिकामी. चावी हरवल्याची नोंद आहे, कुलूप बदलायचंय, कुलूपवाला सोमवारी येईल. मग पलीकडून रेक्टरबाईंनी काहीतरी विचारलं आणि ऑरिन माझ्याकडे बघत म्हणाला, "एकशे तीन."

जाताना शांतपणे बोलला. ओरडला असता तर बरं झालं असतं. "हेल्मी, गरज नसताना तीन देऊ नकोस. हे लांडगा आला रे झालं ना, तर खरंच कुणी तीन दिले तेव्हा माझे पाय उचलणार नाहीत."

आईचा फोन. रस्त्यावरचा बर्फ हटवायच्या गाडीतूनच बोलत होती, मागे फाळ घासल्याचा आवाज. तिकडे वादळ आहे, रस्ते सगळे बंद, आणि ते उघडणारी हीच. यायला जमणार नाही म्हणून तिलाच जास्त वाईट वाटत होतं. मी भिंतीचं सांगितलं. हसली.

"अगं, तुझी पणजी तापात छतावरच्या गाई मोजायची. सतरा. ताप उतरला तर विचारते, एक कुठे गेली?" मग हसू थांबवून म्हणाली, "बाळा, ठोकू मात्र नकोस आता. भिंतीशी बोलत बसलं की भिंत उत्तर द्यायला लागते."

बास. ठरलं. आजपासून भिंतीला हात लावायचा नाही.

बुधवार, संध्याकाळ

तीन.

मी दिले नाहीत. हात काखेत घालून बसले.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

तीन. मग बहुतेक पंधरा मिनिटं. मग तीन.

आज मोजत पडले होते, दुसरं करण्यासारखं काय आहे? काही गोष्टी लिहून ठेवते, नंतर मलाच खऱ्या वाटणार नाहीत.

खोकला थांबलाय. काल सकाळपासून एकदाही नाही. फक्त टकटक.

आधी टकटक उशीच्या पातळीला यायची. आता वरून येते. कुणी उभं राहून ठोकावं, तेवढ्या उंचीवरून.

आणि काल सकाळी ठोकणारं दमलेलं होतं. दुसऱ्या-तिसऱ्या ठोक्याच्या मध्ये थांबायचं. आता नाही थांबत. तिन्ही सारखे. माणूस दिवसभर ठोकत राहिलं तर हात दुखेल की नाही? हा हात दुखत नाही.

पाइप. पाइप. पाइप.

कानांत हेडफोन घातले. मग तळहात भिंतीवर टेकवला तर हातालाच लागले, तीन. हात पोळल्यासारखा ओढून घेतला.

ब्रिजेटने पिशवी ठेवली. दारापलीकडून म्हणते, "तुझ्या भिंतीतल्या मैत्रिणीला पण जेली हवीय का गं?" म्हणजे ऑरिनने मजलाभर केलेलं दिसतंय. मी हसले. हसल्यावर ढास लागली, आणि मी सवयीने भिंतीकडे कान दिला. तिकडून काही नाही.

सहाला ऑरिनला दोन दिले. ठीक!

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

नव्याण्णव पॉइंट चार. ताप उतरला. डोकं स्वच्छ, पायांत बळ नाही. सूप संपवलं, जेलीसुद्धा.

आणि टकटक चालूच आहे. तीन. मघाशी बिस्किट चावत असताना — तीन.

आता ताप नाही. म्हणजे बहाणा संपला माझा.

दुपारी भिंतीला पाठ लावून बसून सगळा विचार केला. आत कुणी नसेल तर मला वेड लागलंय. आत कुणी असेल तर मंगळवारपासून ती मदत मागतेय, आणि मी हात काखेत घालून बसलेय. दुसरं जास्त भयंकर आहे. पहिलं निदान माझ्यापुरतं आहे.

बाहेर गेले. ऑरिनने सकाळीच सगळ्या दारांवर लाल कागदाचे बदाम चिकटवलेत, प्रत्येकावर नाव. प्रेमाचा दिवस ना! ३१४ वर बदाम नाही. यादीतच नाही तर बदाम कुठला? दाराला तोंड लावून हाक मारली. "जोएल?" काही नाही. दारावर ठोकलं. काही नाही. खोलीत परत येऊन पलंगावर बसले, तर भिंतीतून तीन.

हॉस्टेलच्या ऑफिसला फोन केला. वादळ इकडेही येतंय म्हणून आज दुपारपासून बंद, सोमवारी या. सुरक्षावाल्यांना केला. "हां हां, ३१२ ची का तू? कळवलंय ऑरिनने. पोरी, पाणी पी भरपूर." ऑरिन वर्गात, फोन बंद.

जिन्याजवळ, ३१४ च्या दारालगत, आगीच्या घंटेचा लाल दांडा आहे. तो ओढला की बंबवाले येतात. ते यादी बघत नाहीत. त्यांच्याकडे सगळ्या कुलपांची एकच चावी असते आणि ते प्रत्येक खोली उघडून आत डोकावतात. पहिल्या वर्षी कुणीतरी पॉपकॉर्न जाळले होते, तेव्हा पाहिलंय.

खोटी घंटा म्हणजे कॉलेजातून हकालपट्टी. दर सत्राला सही घेतात त्यावर. शिवाय बाहेर शून्याखाली बारा, आणि हॉस्टेलमधली निम्मी माणसं तापात. सगळ्यांना बर्फात उभं करायचं. आत पाइप निघाले तर मी कुणाला तोंड दाखवू? आईला काय सांगू — भिंतीने उत्तर दिलं म्हणून?

तीन. आत्ता लिहिताना.

बूट घालते.

शनिवार, १५ फेब्रुवारी

जोएल जिवंत आहे.

दोन्ही फुप्फुसांत न्यूमोनिया, अंगात पाण्याचा थेंब नाही. डॉक्टर म्हणाले, संध्याकाळपर्यंत टिकली नसती. हे ऑरिनने सांगितलं. दोनदा सांगितलं.

काल दांडा ओढला. घंटा वाजली आणि माणसं पांघरुणं ओढत, खोकत, शिव्या घालत बाहेर आली. मोज्यांवर आलेली, एक तर नुसत्या टॉवेलवर. "कुठल्या गाढवाने ओढला?" कुणीतरी ओरडलं. मी हात वर केला. आणखी काय करणार? सुरक्षावाल्याने माझं कोपर धरलं. "३१२," म्हणाला. ब्रिजेट माझ्याकडे अशी बघत होती, जणू मी तिचीच परीक्षा जाळली.

बंबवाले पहिल्या मजल्यावरून वर चढले. पहिला झाला, दुसरा झाला. कुणी खिडकीत दिसायचं, मग नाही दिसायचं. मी आयुष्यात कधी प्रार्थना केलेली नाही. काल केली — आत कुणीतरी असू दे. अशी प्रार्थना कुणी करतं का? दुसऱ्याने आत मरायला टेकलेलं असू दे, म्हणजे मी खरी ठरेन! पण केली.

मग तिसऱ्या मजल्याची एक खिडकी धाडकन उघडली आणि बंबवाला खाली ओरडला, "स्ट्रेचर!"

खाली आणली तेव्हा तोंडावर ऑक्सिजन होता. डोक्यावर ती मोहरी टोपी. चेहरा ओळखला नसता, टोपी ओळखली. सुरक्षावाल्याने माझं कोपर कधी सोडलं, कळलंच नाही. ऑरिन बर्फात खाली बसला होता, यादी मांडीवर. "ती यादीत नव्हती," म्हणत होता. "यादीत नव्हती ती."

सगळी हकिगत आता बाहेर आलीय. घरी तिने सांगितलंच नव्हतं की कॉलेजने बसवलंय. निघाली त्या दिवशी बसस्टॉपपर्यंत गेली आणि परत फिरली. चावी तिच्याकडेच होती, हरवली असं खोटं सांगितलं होतं. महिनाभर त्या खोलीत राहिली. कॉलेजला वाटत होतं ती घरी आहे, घराला वाटत होतं ती कॉलेजात आहे. आणि ती आमच्या भिंतीपलीकडे, दिवा न लावता, डबाबंद पदार्थ खाऊन. फ्लू झाला तेव्हा तिला ना कार्ड, ना पिशवी, ना दारावर कुणी ठोकणारं.

माझ्याशिवाय कुणी नाही.

रविवार, १६ फेब्रुवारी

ब्रिजेट उशी घेऊन परत आली. येताना मेसवाल्या बाईंनी दिलेला अख्खा ॲपल पाय आणला. कार्ड न मागता! रेक्टरबाई स्वतः येऊन गेल्या, हकालपट्टीचा विषयही काढला नाही. "एकट्या तुला ऐकू आलं," म्हणाल्या. ऑरिनने माफी मागितली, मग दारात उभं राहून पुन्हा मागितली. आई फोनवर रडली. "माझं ऐकलं नाहीस, बरं केलंस गं. सोडलं नाहीस तू तिला."

सोडलं होतं, आई!

हे या वहीशिवाय कुणाला माहीत नाही. बुधवारी ऑरिन दाराशी जाऊन आला, त्यानंतर मी भिंतीवर एकदाही ठोकलं नाही. बुधवार दुपार, अख्खा गुरुवार, शुक्रवार. एकदाही नाही. ती तीन देत होती आणि मी ऐकत होते. मोजत होते. कानांत हेडफोन घातले! तिला वाटलं असेल पलीकडची गेली, निजली, कंटाळली. काय वाटलं असेल तिला त्या अंधारात?

सगळे पाठ थोपटतायत आणि मला लपायला जागा नाही.

भिंत आता गप्प आहे.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

जोएल बोलायला लागलीय. तिने मला बोलावलंय. मलाच, नाव घेऊन. तिला खरं सांगणार आणि माफी मागणार. परवा जाते.

गुरुवार, २० फेब्रुवारी

भेटले. माफी मागायला तोंड उघडलं, त्याआधी तीच बोलायला लागली. आवाज अगदी बारीक, वाकून ऐकावं लागलं. बुधवारी ऑरिन दाराशी आला तेव्हा पकडले जाऊ म्हणून ती तोंडात पांघरूण कोंबून बसली होती. तो गेल्यावर तीन द्यायला गेली आणि जमिनीवर कोसळली. नंतर हातच उचलेना. त्यानंतर तिने एकदाही ठोकलं नाही. शुक्रवारी दार उघडेपर्यंत एकदाही नाही.

"पण तू थांबली नाहीस, हेल्मी," म्हणाली. "माझे डोळे मिटायला लागले की तुझे दोन. परत मिटायला लागले की दोन. दोन दिवस, सारखं. म्हणून जागी राहिले मी."

तिने माझा हात धरला होता. बोटं गार होती.

"हो," मी म्हटलं. "मीच."